क्रमवारीत नसलेले १९०० साल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात इतिहास शिकवला. म्हणून त्यांच्या व्यासपीठावर मी आज वर्गात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तर देताना शिक्षक अडखळतो, असा तो प्रश्न आहे. माणसांनी माणसांवर केलेल्या सामूहिक अत्याचारांत सर्वांत भयंकर कोणता? वादविवाद स्पर्धांत हा विषय रंगतो. कोणी हिटलरच्या छळछावण्या मांडतो, कोणी स्टालिन, कोणी माओ, कोणी गुलामांची जहाजे, कोणी १९४३ चा बंगाल. मुले तयारीने बोलतात. आकडे तोंडपाठ असतात.

विचारणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. क्रौर्याची शेवटची हद्द कुठे आहे, हे समजून घेण्याची ओढ त्यामागे असते, आणि ती ओढ चांगली आहे. माझी तक्रार आहे ती उत्तर शोधण्याच्या रीतीबद्दल. आपण यादी करतो, आकडे उतरत्या क्रमाने लावतो, पहिला-दुसरा ठरवतो, आणि आपल्या पायाखालच्या जमिनीचे नाव त्या यादीत आहे का, हे पाहायचे राहून जाते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यावर, सगळ्या वऱ्हाडावर, १९०० साली जे गुदरले ते अशा कोणत्याही यादीत बहुधा सापडणार नाही. ते का सापडत नाही, हे मला आज मांडायचे आहे. आणि तुलना करायचीच असेल तर ती कशाशी करावी, हेही.

आधी मोजपट्टीचे पाहू. संख्या धरली तर चीनमधला १९५९ ते १९६१ चा दुष्काळ बहुतेक सगळ्यांच्या वर जातो. पण तिथे किती माणसे मेली? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत पसरलेले आहेत. या दोन टोकांमधले अंतरच तीन कोटींचे. तीन कोटी माणसे मेली की नाही याची खात्री नसताना आपण क्रमांक लावायला बसतो.

संख्या बाजूला ठेवून प्रमाण धरले तर वेगळेच नाव वर येते. आजच्या नामिबियात १९०४ पासून जर्मन सैन्याने हेरेरो जमातीला वाळवंटात हाकलले. सुमारे ऐंशी हजारांतले पंधरा हजारांच्या आसपास उरले. संख्येच्या यादीत हे लोक कुठेतरी तळाशी जातील. वेग धरला तर रवांडा. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे, पुष्कळशी कोयत्यांनी, आणि पुष्कळदा मारणारा व मरणारा एकाच गावचे. काळाची लांबी धरली तर अटलांटिकपलीकडचा गुलामांचा व्यापार. साडेतीन शतके, सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजात कोंबली गेली, आणि त्यांतली पंधरा-अठरा लाख दुसरा किनारा दिसण्याआधीच मेली. हेतू धरला, तर ज्यूंच्या संहाराशेजारी दुसरे काही ठेवणे कठीण आहे. साठ लाख माणसे. एका आधुनिक राज्याने कचेऱ्या, रेल्वेची वेळापत्रके आणि रसायनांचे कारखाने कामाला लावून, एकही मूल उरू नये असे ठरवून केलेले ते काम होते. हे मी आधीच स्पष्ट सांगतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्याचा आधार घेऊन कोणी त्या संहाराचे वजन कमी करू नये.

मोजपट्टी बदलली की विजेता बदलतो. ‘विजेता’ हा शब्द इथे उच्चारावा लागतो, यातच काहीतरी चुकले आहे.

कायद्यानेही एक मोजपट्टी दिली. राफाएल लेम्किन या पोलंडमधल्या ज्यू कायदेपंडिताने ज्यूंच्या संहारात आपले जवळजवळ सगळे कुटुंब गमावले. अशा गुन्ह्याला नाव आणि व्याख्या मिळावी म्हणून तो धडपडला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. त्यात राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा समूह नष्ट करण्याचा हेतू ही अट आली. राजकीय मतांवरून मारलेले समूह वाटाघाटीत वगळले गेले. त्यामुळे कंबोडियात १९७५ ते १९७९ या चार वर्षांत मेलेल्या पंधरा-वीस लाखांपैकी बहुसंख्य लोक त्या व्याख्येत नीट बसत नाहीत. ते ज्यांच्या हातून मेले तेही ख्मेर, आणि मेले तेही ख्मेर. तरीही या कायद्याचे मोल मोठे आहे. त्याच्यामुळे रवांडातले गुन्हेगार न्यायालयापुढे उभे राहिले. पण कायद्याची चौकट खटल्यासाठी असते, सगळ्या दुःखाची नोंदवही म्हणून ती कामाला येत नाही.

तुलनेतून काय बिघडू शकते, याचा धडा जर्मनीने घेतला आहे. १९८६ साली तिथल्या वर्तमानपत्रांत मोठा वाद पेटला. एर्न्स्ट नोल्टे या इतिहासकाराने सुचवले की स्टालिनच्या श्रमछावण्या आधीच्या, हिटलरच्या नंतरच्या; आणि नंतरचे कृत्य आधीच्या कृत्याच्या भीतीतून आले असावे. युर्गेन हाबरमास यांनी त्याला कडाडून उत्तर दिले. तुलना करू नका, असे हाबरमास यांचे म्हणणे नव्हते. आपल्या घरातल्या गुन्ह्याचा भार हलका व्हावा म्हणून शेजाऱ्याचा गुन्हा पुढे करू नका, असे होते. ही कसोटी मी माझ्यासाठी ठेवली आहे. तुलना करणारा आपल्या अंगावरचा भार वाढवतो आहे की उतरवतो आहे, एवढे पाहावे.

आता वऱ्हाडात येऊ.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. त्यांना इथली काळी जमीन हवी होती, कारण इथे कापूस होतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या बोंडाला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने त्या वाटेवरची. १८७० साली जलंबपासून खामगावला खास फाटा काढला गेला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. व्हाइसरॉय एका तालुक्याच्या गावी येतो तो यात्रेला येत नाही. खामगावचा कापूसबाजार तेव्हा साऱ्या देशातल्या मोठ्या बाजारांत मोजला जात होता.

कापूस वाढला तशी ज्वारीची जमीन आकसली. गावात पेवे असत. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपलेली, वरून बंद केलेली ज्वारीची कोठारे. चांगल्या वर्षाची ज्वारी त्यांत उतरे आणि वाईट वर्षी निघे. शेतसारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरायचा, साहूकाराचे व्याज रोखीने, आणि रोख देणारे पीक एकच, कापूस. मग पेवात टाकायला ज्वारी कुठून राहणार? जो शेतमजूर पूर्वी मजुरीत धान्य घेत होता, त्याच्या हातावर आता पैसे पडू लागले. सुगीच्या दिवसांत त्याला ते बरे वाटले असेल. भाव चढले की त्याच पैशांत किती ज्वारी येते, हे त्याला दुष्काळाने शिकवले. विणकरांचे आधीच वाटोळे झाले होते. इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत येत होता आणि कोष्टी-साळ्यांचे माग थंड पडत होते. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात तो असायला हवा.

१८९६-९७ चा दुष्काळ कसाबसा सरला. माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत, मुंबई इलाखा, वऱ्हाड, सगळीकडे एकदम. सरकारकडे काही नव्हते असे नाही. तारायंत्र होते, रेल्वे होती, १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेली दुष्काळसंहिता होती. कोणत्या खुणा दिसल्या की कामे काढायची, मजुरी किती द्यायची, अन्नछत्रे कधी उघडायची, हे सगळे तीत लिहिलेले होते. लोकमान्य टिळकांनी १८९६ साली ‘केसरी’तून हीच संहिता लोकांना समजावून सांगितली होती आणि तुमचा हक्क मागा असे बजावले होते. १९०० साली रमेशचंद्र दत्त यांनी व्हाइसरॉय कर्झनला उघड पत्रे लिहून साऱ्याचा बोजा आणि दुष्काळ यांचा संबंध दाखवला. म्हणजे कोणी सांगितले नाही, अशी सबब सरकारला उरली नव्हती. कर्झनला चिंता होती ती सढळ हाताने मदत केली तर खजिन्याला ओढ लागेल याची, आणि फुकटच्या मदतीने रयत आळशी होईल याची. त्याच हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले होते आणि इंग्लंडातल्या देणगीदारांचे लक्ष तिकडे होते.

त्या वर्षीचे दोन आकडे मी तुम्हाला सांगणार आहे. माइक डेव्हिस या अमेरिकन लेखकाने सत्या यांच्या संशोधनाच्या आधारे ते एका वाक्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत. १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसे उपासमारीने मेली. त्याच काळात वऱ्हाडातून कापसाच्या हजारो गाठींबरोबर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्य बाहेर गेले. आजच्या मापात ते साधारण वीस हजार टन होईल. मालगाडी मलकापूरवरून, शेगाववरून जात होती. ती धान्य आणूही शकत होती. रूळ दोन्ही दिशांना जातात.

तिसरा आकडा लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांचा. त्यांनी वऱ्हाडच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासून काढले की १९०० साली इथले जन्मवेळचे आयुर्मान दहा वर्षांच्याही खाली गेले. त्या वर्षीची मरणाची गती तशीच राहिली असती, तर त्या वर्षी जन्मलेली मुले सरासरीने दहा वर्षेही जगली नसती, असा त्याचा अर्थ. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले होते. मृतांची संख्या ऐकताना मन कुठेतरी बधिर होते. दहा वर्षांच्या आतले आयुष्य मात्र डोळ्यांपुढे येते, कारण चौथी-पाचवीतली मुले आपण रोज पाहतो.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहायचे तर एक खबरदारी घ्यावी लागते. १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्हा म्हणजे चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तीनच तालुके. खामगाव आणि जळगाव जामोद तेव्हा अकोल्यात होते, ते १९०५ साली इकडे आले. शेगावही त्यामुळे तेव्हा अकोला जिल्ह्यातच. या तीन तालुक्यांची लोकसंख्या १८९१ साली ४ लाख ८१ हजार होती, ती १९०१ साली ४ लाख २३ हजारांवर आली. शेकडा बारा घट. सबंध वऱ्हाडाची घट शेकडा पाच, आपली त्याच्या दुपटीहून जास्त. ही घट म्हणजे मृतांचा आकडा नव्हे. काही माणसे गाव सोडून गेली, काही बाहेरून आली, कितीतरी मुले जन्मलीच नाहीत. पण दहा वर्षांत लोकसंख्या वाढायला हवी होती, तिथे ती आठव्या हिश्श्याच्या जवळपास आटली, हे काही थोडे नाही.

आणि ही माणसे कशाने मेली? त्या काळच्या मृत्यूपत्रकात रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि ‘इतर कारणे’. पुढे प्लेगचा रकाना आला. उपासमारीचा रकाना नव्हता. पोटात आठ दिवस अन्न नसलेल्या माणसाला दूषित पाण्याने हगवण लागली तर तो हगवणीने गेला. कामावरच्या गर्दीत पटकी आली तर तो पटकीने गेला. यात लिहिणाऱ्या कोतवालाचा किंवा पाटलाचा कावा नव्हता. त्याला दिलेल्या कागदावर जेवढी घरे आखलेली होती, त्यांतच त्याला मरण बसवायचे होते. एवढ्या मोठ्या संहाराला कारणाची नोंदच राहिली नाही. जगाच्या यादीत १९०० साल न सापडण्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण, मारेकरी दिसत नाही. गोळी झाडली गेली नाही, वस्ती पेटवली गेली नाही. कोणी तरी सही केली, कोणी तरी मजुरीचा दर ठरवला, कोणी तरी निर्यात चालू ठेवली, कोणी तरी ज्वारी दाबून भाव चढण्याची वाट पाहिली. त्या शेवटच्या माणसांत आपलेही होते, हे बोलायला हवे. सगळे पाप लंडनच्या माथी मारून आपण मोकळे होतो, तेव्हा गावातले कोण जगले आणि कोण मेले हा प्रश्न दडून राहतो. मेले ते प्रामुख्याने भूमिहीन, महार-मांग वस्तीतले, सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी, मागावरचे, आणि रस्त्यावर आलेली एकटी बाई. पंडिता रमाबाई या गोष्टीच्या साक्षीदार होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. म्हणून १८९७ साली त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन केडगावला आल्या. उपाशी बाईवर दुष्काळात आणखी काय काय ओढवते, हे त्यांना ठाऊक होते.

डेव्हिस यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘होलोकॉस्ट’ हा शब्द घातला. त्यांचे पुस्तक मी मानतो, ते नाव मला पटत नाही. आपल्या मृतांकडे जगाने पाहावे म्हणून त्यांना दुसऱ्यांच्या मृत्यूचे नाव उसने द्यावे लागावे, ही क्रमवारीचीच सक्ती आहे. पहिल्या नंबराचे नाव लावल्याशिवाय कोणी वळून पाहत नाही. दुसऱ्या टोकाला, ‘पाऊसच पडला नाही, कोण काय करणार’ असे म्हणणारे आहेत. दोघांच्याही बोलण्यात मलकापूरच्या मालधक्क्यावरून निघालेली धान्याची पोती दिसेनाशी होतात. १९०० साली वऱ्हाडात कोणी वंश संपवायचा बेत केला नव्हता. तरीही ती माणसे वाचवता येत होती आणि वाचवली गेली नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आठवण कोणाची राहते, याचे एक जुने उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मलकापूरच्या उत्तरेला बुऱ्हाणपूर. १६३० ते १६३२ चा भयानक दुष्काळ गुजरात-दख्खनवर पडला होता, तेव्हा शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी तिथेच तळ देऊन होता. पीटर मंडी हा इंग्रज त्याच काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला आणि रस्त्याकडेच्या प्रेतांचे वर्णन लिहून गेला. तिकडे देहूत तुकोबांनी त्याच दुष्काळात पत्नी आणि मूल गमावले. १६३१ च्या जूनमध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, बुऱ्हाणपुरात एक बाई बाळंतपणात वारली. तिची कबर पाहायला आजही जगभरातून माणसे येतात. त्या वर्षी तिच्या भोवती मेलेल्यांतल्या कोणाची कबर, कोणाचे नाव, कोणाला सांगता येईल? मुमताजबद्दल मला आकस नाही. बाळंतपणात मेलेली तीही एक आईच.

आता तुलनेकडे वळतो. १९०० ची तुलना ऑशविट्झशी करून हाती काही लागत नाही. ती १९७२ शी करा.

या सभागृहात सत्तरी ओलांडलेले पुष्कळ जण आहेत. बाहत्तरचा दुष्काळ त्यांनी अंगावर काढला आहे. सुकडी खाल्ली आहे, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आहे, खडी फोडली आहे, नालाबांधावर माती टाकली आहे. १९७२-७३ ला महाराष्ट्रात धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याखाली गेले. आधीची दोन वर्षेही वाईट गेली होती. कित्येक ठिकाणी जनावरे कवडीमोलाने गेली, विहिरी आटल्या. पण १९०० सारखे मरण आले नाही. का?

मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. हा आकडा एका दिवसात उभा राहिला नाही. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग करून पाहिला होता: जो काम मागेल त्याला काम द्यायचे. त्याच कल्पनेतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७७ चा. दुष्काळाच्या वर्षात मोर्चे निघाले, महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर आल्या, आमदारांनी सभागृहात सरकारला जाब विचारले, वर्तमानपत्रांनी कामावरच्या मजुरीची भांडणे छापली. कामावरच्या माणसाच्या हाती पैसे आले की धान्य त्याच्याकडे आपोआप येऊ लागते. तिथे रेल्वे उलट्या दिशेने धावू शकत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात बंगालच्या दुष्काळावरून हेच दाखवले की माणूस मरतो तो देशात धान्य नाही म्हणून नव्हे, ते घेण्याची ऐपत त्याच्या हातून सुटली म्हणून. बाहत्तरच्या कामांत लबाड्या झाल्या, मजुऱ्या थकल्या, मुकादमांनी पैसे खाल्ले, हे खरेच आहे. तरी माणसे जगली.

जमीन तीच आणि पावसाने दिलेला दगाही तोच. दुष्काळसंहिता इंग्रजांकडेही होती. फरक पडला तो कुठे पडला, हे १९०० आणि १९७२ शेजारी ठेवले की बोट ठेवून सांगता येते: मजुरीचा दर, धान्याची दिशा, आणि ओरडणाऱ्याचे ऐकण्याची सरकारवर असलेली सक्ती. अत्याचाराची तुलना दुसऱ्या अत्याचाराशी केली की आपण हळहळतो. टळलेल्या संकटाशी केली की कोणत्या टेबलावर, कोणत्या महिन्यात, काय वेगळे करता आले असते ते दिसते. रवांडाबद्दलही हेच करता येते. १९९४ च्या एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेने तिथले शांतिसैनिक वाढवण्याऐवजी कमी केले, तो निर्णय ठरावाच्या तारखेसह नोंदलेला आहे.

क्रमवारीचा वाद आपल्याकडे कोणत्या वळणावर जातो, हेही बोलायला हवे. आपल्या जिल्ह्याची दक्षिण आणि पश्चिम कड १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखाला लागून होती. सिंदखेडराजातून, देऊळगावराजातून जालन्याकडे निघाले की हद्द लागे. कासिम रझवीच्या रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेने त्या बाजूला जे केले, त्याच्या गोष्टी अनेक घरांत जिवंत आहेत. लुटालूट, जाळपोळ, खून, स्त्रियांवरचे अत्याचार. १३ सप्टेंबर १९४८ ला ‘पोलीस अॅक्शन’ म्हणून भारतीय फौजा आत गेल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला. त्यानंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांच्या मोठ्या कत्तली झाल्या. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल पुष्कळ दशके लोकांसमोर आला नाही.

या दोन्ही गोष्टी एका सभेत बोलणे अवघड जाते, हा माझा अनुभव आहे. रझाकारांचे नाव काढले की एक बाजू विचारते, पोलीस अॅक्शननंतरचे काय? सुंदरलाल समितीचे नाव काढले की दुसरी विचारते, त्याआधीचे काय? दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. पण ते विचारले जातात समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी. मग अधिक भीषण काय ठरते, यावर वाद रंगतो आणि मेलेल्या माणसांबद्दल बोलणे थांबते. त्या वर्षी शोएबउल्ला खान नावाचा तरुण संपादक हैदराबादेत होता. ‘इमरोज’ या आपल्या पत्रातून त्याने भारतात विलीन व्हा असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला मारले. तो कोणाच्या यादीत घालायचा? धर्मावरून केलेल्या दोन्ही याद्यांतून तो निसटतो. त्याचे नाव मी तरुणांना आवर्जून सांगतो.

असेच कोणत्याही एका यादीत न मावणारे लोक आणखीही होते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. स्टालिनने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियात नेऊन टाकले होते, तिथून इराणमार्गे ते इथे पोहोचले. त्यांना उचलले तेव्हा त्यांच्या देशाचा दुसरा अर्धा हिस्सा हिटलरच्या हाती होता. हिटलर वाईट की स्टालिन, यावर युरोपातले विद्वान अजून भांडतात. वळिवड्यातल्या त्या मुलांना एका बाजूच्या मामाची आणि दुसऱ्या बाजूच्या आत्याची अशा दोन्ही बातम्या येत होत्या. आणि त्यांना शाळा, छप्पर आणि पंचगंगेकाठचा शेजार मिळाला, याचेही श्रेय कोणाला तरी द्यायचे आहे. तेही इतिहासात मोजायला हवे.

आता एक प्रस्ताव ठेवून मी थांबतो. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने गेल्या सत्तर वर्षांत ज्यूंच्या संहारातल्या अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक मृतांची नावे गोळा केली आहेत. एकेक कागद, एकेक नातलग गाठून. आपल्या १९०० च्या मृतांसाठी असे काही करणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही, कारण वऱ्हाडाकडे कोतवालबुके, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी तहसील कचेरीत कोतवालबुकाच्या नकलेसाठी रांग लावली आहे! जातीचा दाखला काढायचा तर पणजोबांची नोंद हवी. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना बोलावून ही जुनी बुके पानापानाने उलटली गेली. नजर फक्त जातीच्या रकान्यावर होती. त्याच कागदांत मरणाच्याही नोंदी आहेत: नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, तारीख, आणि कारणाच्या घरात ‘ताप’ किंवा ‘हगवण’.

सगळी बुके टिकलेली नाहीत. काही वाळवीने खाल्ली, काहींचे तुकडे पडतात. पण चिखली, मलकापूर, मेहकर या तीन जुन्या तालुक्यांत प्रत्येकी पाच गावे तरी अशी निघतील, जिथली १८९७ ते १९०१ ची पाने शाबूत आहेत. तेवढी उतरवून काढायची. महिन्यागणिक मृत्यू मांडायचे. त्याच्या शेजारी त्या महिन्यातला ज्वारीचा बाजारभाव ठेवायचा. दुष्काळी कामे कोणत्या महिन्यात सुरू झाली, कोणत्या महिन्यात बंद केली, ते ठेवायचे. वस्तीनिहाय नावे लावायची, म्हणजे गावातला कोणता कोपरा आधी रिकामा झाला ते कळेल. इतिहास विभागातल्या विद्यार्थ्यांना हे दोन सुट्ट्यांत जमेल. मोडी वाचता येणारे निवृत्त शिक्षक आणि भूमी अभिलेखातले जुने कर्मचारी आपल्या जिल्ह्यात आहेत, काही आत्ता समोर बसलेही आहेत. कागद पाहण्याची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागावी लागेल. त्याचा अर्ज मी लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर इथेच थांबा, त्यावर सह्या करू आणि पहिली पाच गावे कोणती घ्यायची ते आज रात्री ठरवू.